तुम्ही न दिलेला होकार

चाचा,

घरात फोन वाजला की हल्ली मी तिथून उठून जाते. तुम्ही गेल्याची बातमी फोनवरच आली, म्हणून असेल, असं अम्मीला वाटतं. तेही आहेच. पण तुमची माती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रत्नागिरीहून त्या बाईंचा फोन आला, ज्यांच्या मुलासाठी माझी बोलणी चालली आहेत. तुमच्याबद्दल त्या खूप चांगलं बोलल्या, रडल्यासुद्धा. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "आता दुःखाचे दिवस आहेत, घाई अजिबात नाही. पण मुलीला विचारून ठेवा." फोन स्पीकरवर होता. अम्मी म्हणाली, "ती काय बोलणार? ती गप्पच असते. गप्प आहे म्हणजे हो समजा."

मी सिंकपाशी कप विसळत होते. मी गप्पच राहिले.

अम्मीनं हे मनचं सांगितलेलं नाही. आपल्यात निकाहाआधी मुलीला विचारतात, आणि तिनं मान खाली घातली, तोंडातून शब्द काढला नाही, तर तो होकार धरतात. लाजेचं मौन. नाही म्हणायचं असेल तर मात्र बोलावं लागतं. खालाच्या मुलीच्या निकाहात मी तिच्या शेजारीच बसले होते. साक्षीदारांनी विचारलं, ती रडत होती, कुणीतरी म्हणालं, "झालं, झालं, हो आहे," आणि मिठाईचे डबे उघडले. ती आनंदानं रडत होती, हे मला माहीत आहे. पण तिथं बसलेल्यांपैकी कुणाला ते माहीत असण्याची गरज पडली नाही, हे बघून मला तेव्हाही कसंतरी झालं होतं.

मी लाजरी आहे असं घरात सगळ्यांना वाटतं. मी घाबरट आहे, हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं. आणि ज्या शुक्रवारी तुम्ही अब्बांशी बोलणार होतात, त्याच आठवड्याच्या मध्यात, ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही गेलात.

लोक येतात, तुमचं चांगलं सांगतात. कस्टममधून माल सोडवायच्या, क्लिअरिंगच्या कामात तुमच्याइतका सरळ माणूस नव्हता, म्हणतात. त्यांच्या सांगण्यातले चाचा मला ओळखीचे वाटत नाहीत. माझे चाचा म्हणजे जुम्म्याची नमाज आटोपून झिंजमधल्या खोलीवरून इथं बहरीनच्या हमद टाउनला आमच्याकडे जेवायला येणारे, जेवल्यावर सोफ्यावर आडवे होणारे आणि डोळे मिटून विचारणारे, "हं, पोरी, सांग. पोर्तुगालच्या राजानं ह्या आठवड्यात काय केलं?"

आपल्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. इतिहासाच्या कोर्समध्ये आम्हाला एकेक विषय दिला, तेव्हा माझ्या वाट्याला अठराव्या शतकातले पोर्तुगीजांचे लग्नाचे कायदे आले. मला रडू आलं होतं. इंग्रजी अवघड, त्यात कायदा, त्यात पोर्तुगाल. तुम्ही म्हणालात, "परके कुठं आहेत ते? आमच्या वाडीच्या गडग्यात त्यांच्याच किल्ल्याचे दगड आहेत. आणि इथं बहरीनमध्येही त्यांचा किल्ला. गावातून निघालो तर पुढं हजर. माझ्या मागावरच होते मेले." मग म्हणालात, "मला मराठीत सांगत जा. मला कळलं तर तुला कळलं असं समज."

म्हणून मी सांगत गेले. मला जेवढं कळलं तेवढंच, अडखळत. त्यांच्याकडे चर्चचं म्हणणं असं होतं, की नवरा-नवरीची संमती पुरे. पण राजाचा कायदा वेगळं बोलायचा. पंचविशीच्या आतल्या मुलीनं आईबापांना न विचारता लग्न केलं, तर बाप तिला वारसातून काढू शकायचा.

"अगदी सगळं?" तुम्ही विचारलंत.

"सगळं. पण तिनं बापाला जमलं असतं त्याच्यापेक्षा उघड उघड वरच्या घरात लग्न केलं असेल, तर अर्धंच."

तुम्ही इतके हसलात की अब्बा आतून बघायला आले. "म्हणजे पळून गेलीस तरी चालेल," तुम्ही म्हणालात, "पण बघून पळ." अब्बांना कळलं नाही. ते म्हणाले, "भाई, पोरीला काय शिकवतोस?" तुम्ही म्हणालात, "मी कसला शिकवतो? तीच मला शिकवते." अब्बा खूश होऊन परत गेले. मी मात्र त्यांच्या पावलांचा आवाज बंद होईपर्यंत श्वास धरून बसले होते.

तुम्ही ते पाहिलंत. पुढच्या आठवड्यात मी दुसरा कायदा सांगितला. राजानं जाहीर केलं होतं, की ब्राझीलच्या मूळच्या लोकांशी आपल्या प्रजेपैकी कुणी लग्न केलं तर त्याला कमीपणा समजू नये, आणि त्यांना किंवा त्यांच्या मुलाबाळांना हिणवायचं नाव घेऊन हाक मारणाऱ्याला त्या भागातून बाहेर काढावं. पुढं आपल्याकडच्या, गोव्याकडच्या बाटलेल्या लोकांसाठीही तसाच हुकूम निघाला. मी म्हणाले, "किती चांगलं ना, चाचा?"

"नावं ठेवायची थांबली का लोकं?"

"ते पुस्तकात नाही."

"मग पुढचं सांग."

मी सांगितलं, की आफ्रिकेतून आणलेल्या लोकांना त्या लग्नाच्या कायद्यात घेतलेलं नव्हतं. मी वाक्य न् वाक्य पुन्हा वाचलं होतं, कुठंतरी सापडेल म्हणून. ते सांगताना माझा आवाज बसला. तुम्ही उठून बसलात. "मार्कांसाठी एवढं कुणी रडत नाही, गो," तुम्ही म्हणालात. "कोण आहे तो?"

मी समीरचं नाव पहिल्यांदा मोठ्यानं तेव्हा घेतलं. मुरूडकडचा. जुफैरमधल्या टॉवरांत लिफ्टचं काम करतो. ईदच्या कार्यक्रमात आपल्या कोकणातल्या लोकांनी हॉल घेतला होता, तिथं पाणी वाटत होता, तोच. तुम्हाला आठवला. तुम्हाला तिथली ती बाईसुद्धा आठवली, जी अम्मीच्या कानात म्हणाली होती, "पोरगा कामाचा आहे, पण केस बघितलेस?" त्याची आजी शिद्दी, आफ्रिकेतून आणलेल्यांच्या वंशातली. आजोबांकडूनही थोडं तेच. त्यांच्या घरात ते लपवत नाहीत. आमच्या घरात त्याच्यावर बोलणं झालंच तर आवाज खाली जातो.

तुम्ही पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागलात. मग म्हणालात, "शिद्द्यांच्या नवाबाच्या घरातला असता, तर तुझ्या बापानं, हमीदनं, उद्या बिर्याणीचं डेग चढवलं असतं. तेच केस, तोच रंग. काय गंमत आहे." पण तुम्ही हसला नाहीत. आणि मग म्हणालात, "म्हणजे समीरची आजी राजाच्या कायद्यातूनही बाहेरच राहिली."

त्यानंतर कितीतरी दिवस मला झोप लागत होती. दुसऱ्या कुणाला तरी माहीत आहे, एवढ्यानंच. ह्याचे आभार मी मानले नाहीत. आपल्यात चाचाचे आभार कोण मानतं.

तुम्ही तर पुढचंही ठरवून टाकलं होतं. "हमीद अडून बसला, तर तुझा निकाह लावून द्यायला मी वली म्हणून उभा राहीन. मोठा भाऊ आहे मी. घरातली प्रत्येक सही आजवर मीच केली. ही पण करीन." मला ते इतकं पटलं, की मी समीरलाही सांगून टाकलं. आपण दोघांनी एकदाही शंका काढली नाही. आपल्या घरात अब्बा तुमच्या शब्दाबाहेर नाहीत, म्हणून शरीअतमध्येही तसंच असणार, असं आपण धरून चाललो. मग तुम्ही मशिदीत मौलानांना विचारायला गेलात. ते आपल्याच बाजूचे, महाडकडचे. तुम्ही म्हणे अगदी बेफिकीर विचारलंत, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. आणि मौलाना म्हणाले, "बाप हयात आहे, शुद्धीवर आहे, इथंच राहतो. मग चाचा कुठून आला मध्ये? आपण शाफई पंथाचे. वलीशिवाय मुलीचा निकाह लागत नाही, आणि वली बाप."

"बापानं विनाकारण अडवलं तर?"

"तर काझी. चाचा नाही."

"आणि कारण कशाला म्हणायचं?"

"बराबरी बघतात. घराणं वगैरे."

हे तुम्ही मला सोफ्यावर बसून सांगितलंत. त्या दिवशी तुम्ही आडवे झाला नाहीत. मी उत्साहात येऊन सांगायला लागले, की पोर्तुगालमध्येही शेवटी असंच झालं, की राजानं आईबापांची परवानगी सक्तीची केली आणि थोड्याच काळात दुसरा कायदा काढला, आईबाप अन्यायानं अडवत असतील तर मुलांना राजाच्या दरबारात दाद मागता येईल, दरबार बापाच्या जागी परवानगी देईल. किती सारखं आहे बघा, मी म्हणत होते. तुम्ही मला मध्येच थांबवलंत.

"आणि दरबारातून परवानगी घेऊन ती मुलगी परत कुठल्या घरात गेली, गो?"

ते पुस्तकात नव्हतं. तुम्ही म्हणालात, "काझीसमोर बापाला उभा केलास तर तू जिंकशीलही. मग ईदला कुणाकडे जाशील?"

मी चिडले. मी तुमच्यावर कधी चिडले नव्हते. मी म्हणाले, तुम्हीसुद्धा त्याच्या आजीकडेच बघताय. तुम्ही म्हणालात, "बघतो. खोटं कशाला बोलू? माझी आई भांड्याला हात लावू द्यायची नाही त्यांना. मी तिच्याच हातचं जेवून मोठा झालो." मग म्हणालात, "ते माझ्या आत आहे तेवढं आहे. पण मला भीती त्याची नाही. तुझी पोरं गावी गेली आणि कुणी त्यांना हबशी म्हणून हाक मारली, तर तिथं राजा येणार नाही कुणाला बाहेर काढायला. मीसुद्धा नसेन तोवर."

"नसेन" असं तुम्ही सहज म्हणालात. मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही.

आपलं ते भांडण तिथंच राहिलं. मी मनात किती उत्तरं तयार केली होती. मी सांगणार होते, की समीरला लहानपणापासून ती हाक ऐकायची सवय आहे आणि तो तरी नीट वाढलाच. मग वाटायचं, हे काही उत्तर नव्हे, उलट ह्यानं तुम्ही आणखी घाबराल. मग दुसरं उत्तर. शेवटच्या शुक्रवारी तुम्ही चप्पल घालताना मी दारात उभी राहून म्हणाले, "चाचा, तुम्ही तरी हो म्हणा ना." तुम्ही म्हणालात, "मी हमीदशी बोलीन. पुढच्या शुक्रवारी. विचारीन म्हटलं ना?"

"पण तुमचं हो आहे का?"

"विचारीन, इंशाल्ला," तुम्ही म्हणालात, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून लिफ्टकडे गेलात.

तुम्ही हो म्हणाला नाहीत. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते, कारण मन ते बदलायला बघतं. डोक्यावर हात ठेवलात म्हणजे हो असेल. इंशाल्ला म्हणालात म्हणजे हो असेल. ज्या हिशेबानं माझं गप्प राहणं होकार होतं, त्याच हिशेबानं मी तुमचाही होकार काढायला निघाले होते.

तुमची माती इथंच झाली. आपल्याकडच्या बायका कबरस्तानात जात नाहीत, म्हणून मी गेले नाही. मी आणि अम्मी घरात बसून होतो. समीर गेला होता. मी त्याला सांगितलं नव्हतं, तो आपणहून गेला. अब्बा परत आले तेव्हा त्यांच्या पायजम्याला माती होती. पाणी प्यायले आणि अम्मीला म्हणाले, "मुरूडकडचा एक पोरगा होता. कोण कुठला, ओळख ना पाळख. कबरीत उतरला, भाईला अल्लाद खाली घेतलं, एकदाही धक्का नाही. मी त्याला मिठी मारली. अशी पोरं राहिली नाहीत हल्ली."

अम्मी म्हणाली, "अल्ला त्याचं भलं करो."

मी ट्रे धरून उभी होते. तो खाली ठेवला. तुम्ही असतात तर त्या वेळी माझ्याकडे बघितलं असतंत. दुसऱ्या कुणी बघितलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटलं, अब्बांना कळेल तेव्हा ही मिठीसुद्धा त्यांना फसवणूक वाटेल. काही बोलायच्या आधीच सगळं आणखी अवघड होऊन बसलं.

मला कशाकशाची भीती वाटते ते सांगते. अब्बा हात उगारणारे नाहीत. ते बोलणं बंद करतात. मामूंशी त्यांनी किती वर्षं बोलणं टाकलं होतं, तुम्हाला ठाऊक आहे. माझा व्हिसा त्यांच्या नावावर आहे. त्यांनी मनात आणलं तर मला गावी पाठवायला त्यांना रागवावंही लागणार नाही, फक्त म्हणायचं, "तिकीट काढलंय." कॉलेज अर्ध्यावर राहील. पोर्तुगालच्या बापाकडे वारसा होता, माझ्या बापाकडे व्हिसा आहे, असं मी एकदा तुम्हाला गमतीत म्हणाले होते. आता ती गंमत राहिलेली नाही. आणि सगळ्यात जास्त भीती ही, की यातलं काहीच होणार नाही. कुणी ओरडणार नाही, कुणी अडवणार नाही. एक दिवस साक्षीदार येतील, विचारतील, माझ्या तोंडून आवाज निघणार नाही, आणि मिठाईचे डबे उघडतील.

काल अब्बा म्हणाले, भाईची खोली रिकामी करायची आहे, माझ्याबरोबर चल. तुमच्या खोलीत फार काही नव्हतं. शर्ट, औषधं, नमाजाचा मुसल्ला, रेडिओ. अब्बांनी तुमचा शर्ट घडी घालायला घेतला आणि त्यांना ती घालता येईना. मी घेतला तर मलाही जमेना. शेवटी तसाच पिशवीत कोंबला. सामान खाली आणून गाडीत ठेवलं. अब्बांनी एसी लावला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. समोरच्या किराणा दुकानाचा, कोल्ड स्टोअरचा माणूस तुमचं नाव घेऊन काहीतरी विचारायला आला, अब्बांनी त्याला खुणेनंच सांगितलं. तो कपाळाला हात लावून परत गेला.

मग अब्बा म्हणाले, "रत्नागिरीवाले परत विचारतायत. काय कळवू?"

माझी मान खाली गेली. अगदी नेहमी जाते तशीच.

अब्बांनी ती बघितली. "बरं," ते म्हणाले. मायेनंच म्हणाले. "मग हो कळवतो." आणि मान वळवून गाडी मागे घ्यायला लागले.

"नको," मी म्हणाले.

"नको म्हणजे? आता नको?"

"ते स्थळ नको, अब्बा. मला दुसऱ्या कुणाशी करायचंय."

त्यांनी गाडी परत थांबवली. "कोण?"

"समीर. मुरूडचा. कबरीत उतरला होता, तो."

त्यांना त्याचा चेहरा आठवताना मी बघत होते. आधी चेहरा आठवला. मग बाकीचं आठवलं.

"शिद्दी ना तो?"

"हो."

मला वाटलं, आता गाडीतून उतरतील. उतरले नाहीत. मागच्या सीटवरच्या तुमच्या पिशव्यांकडे बघितलं. "भाईला ठाऊक होतं?"

"हो."

"काय म्हणाला भाई?"

चाचा, हे तुम्हाला सांगायला मी बसले आहे. त्या वेळी अब्बांचा आवाज कसा होता, ते मला लिहिता येणार नाही. ते माझ्यावर चिडून विचारत नव्हते. तुमचा शब्द त्यांना हवा होता. मी म्हणाले असते, "चाचा हो म्हणाले," तर त्यांनी रडत रडत का होईना, मान्य केलं असतं. तुमच्या माघारी तुमचा शब्द त्यांनी मोडला नसता. तुम्ही वली नाही, तुमच्या सहीला किंमत नाही, हे मौलाना सांगत राहिले असते. अब्बांपुढं तुमच्या एका शब्दाला सगळी किंमत होती. आणि तो शब्द खरा की खोटा, हे विचारायला कुणी उरलं नव्हतं. माझ्या जिभेवर आला होता तो.

पण तुम्ही तसं म्हणाला नव्हतात. तुम्ही जिवंत असताना मला जे दिलं नाहीत, ते मेल्यावर तुमच्या तोंडात घालून मी उभं आयुष्य त्या घरात कसं राहिले असते? अब्बा मला दर ईदला विचारणार, भाई आणखी काय म्हणाला होता? आणि मी दर ईदला नवीन काहीतरी सांगणार.

"तुमच्याशी बोलणार होते," मी म्हणाले. "ते गेले त्या आठवड्यातल्या शुक्रवारी. पण हो म्हणाले नव्हते. भीती वाटते म्हणाले."

"भाईला भीती वाटते?" अब्बा म्हणाले. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं असावं. "कशाची?"

मी सांगितलं. आमच्या पोरांची, गावातल्या हाकेची. दादीच्या भांड्यांचं तुम्ही म्हणाला होतात, तेही सांगितलं. ते ऐकताना अब्बांनी तोंड खिडकीकडे केलं. मागून एक टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, आम्ही त्याची वाट अडवली होती. अब्बांनी तरीही गाडी हलवली नाही.

"आणि तुला नाही वाटत भीती?"

"वाटते, अब्बा. खूप. तरी विचारते आहे."

टॅक्सीवाला उतरून काचेपाशी आला. अब्बा त्याला म्हणाले, "खलास, खलास, निघालो." गाडी मुख्य रस्त्याला लागली. हमद टाउन येईपर्यंत मी प्रत्येक राउंडअबाउटला मनात म्हणत होते, आता म्हणतील तिकीट काढतो. घराखाली गाडी लावल्यावर, किल्ली काढून हातात घेऊन ते म्हणाले, "त्याला म्हणावं, मला येऊन भेट. घरी नको. तुझ्या अम्मीला अजून काही सांगू नकोस. शिपयार्डच्या गेटवर ये म्हणावं, माझी शिफ्ट सुटेल तेव्हा."

"काय सांगू त्याला, कशासाठी?"

"सांग, मी विचारणार आहे. काय विचारणार ते मलाच अजून ठाऊक नाही."

समीर आज जाणार आहे. त्यानं इस्त्रीचा शर्ट घालू का असं विचारलं, मी म्हणाले कामाचाच घाल. मला अजून काही कळलेलं नाही. तिथं काय होईल ते मी कितीही वेळा मनात चालवून बघते, आणि दर वेळी वेगळं होतं, त्यातलं चांगलं फार थोडं. तुम्ही असतात तर गेटपाशी तिसरे उभे असतात, हे मात्र दर वेळी दिसतं.

तुमच्या नावानं मी काही खोटं सांगितलं नाही, एवढं तुम्हाला कळावं, चाचा. तुम्ही जेवढं म्हणालात, तेवढंच पोचवलं.